नॉक सेन्सरचं सर्किट ४,००० आरपीएमच्या वर खोटं का बोलतं?

सोलापूरच्याच एका शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे. जुन्या एस्टीमच्या १.३ लिटर इंजिनावर त्याने आर्डुइनो मेगावर चालणारं स्पीडुइनो, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क सांभाळणारा ईसीयू, बसवलं आहे. भंगारातून आणलेला नॉक सेन्सर (इंजिनातली नॉकिंगची टकटक ऐकणारा), एलएम३५८ या ऑप-ॲम्प चिपचा, ठरावीक सुरच पुढे सोडणारा बँडपास फिल्टर, पुढे सिग्नल पातळीवर गेला की एलईडी पेटवणारा कंपॅरेटर आणि ती पातळी लावायला एक प्रीसेट, असं सर्किट स्वतः केलं. ४,००० आरपीएमच्या वर एलईडी सतत पेटलेला राहतो. २,००० ला चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर कानाला स्पष्ट ऐकू येणारी टकटक मात्र सर्किटला दिसत नाही. सर्किट सुधारू, की तयार चिप घेऊ, असं त्याने विचारलं आहे.

तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून सरळ अरे-तुरे करतो. चिप घेतलीस तरी हाच त्रास होणार आहे, कारण मुख्य चूक फिल्टरनंतरच्या भागात आहे. तुझं सर्किट आवाज मोजतं. इंजिन ४,००० च्या वर गेलं की आवाज वाढणारच: व्हॉल्व्ह सीटवर आदळतात, पिस्टन भिंतीला थापा मारतो, इंजेक्टर टिकटिक करतात. २,००० ला नॉकिंगचा आवाज या सगळ्यापेक्षा लहान असतो. एकच पातळी दोन्हीकडे लावली, तर एका टोकाला खोटी बोंब आणि दुसऱ्या टोकाला मौन, हेच होणार.

माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. चाळीस माग एकदम खडखडत असायचे, शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागायचं. त्यात एखादा माग बिघडला की वडील फ्रेमला लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे. मी विचारलं होतं, एवढ्या गोंगाटात कळतं कसं? ते म्हणाले, धोटा पेटीत आदळतो तेवढंच ऐकायचं, बाकीचं सोडून द्यायचं. आणि हा माग काल कसा वाजत होता ते लक्षात ठेवायचं. तुझ्या सर्किटला याच दोन गोष्टी येत नाहीत. ते सतत ऐकतं, आणि इंजिन काल कसं वाजत होतं हे त्याला माहीत नाही.

आता मुळापासून घेऊ. स्पार्क पडल्यावर ज्वाळा पसरत जाते. तिच्यापुढे, सिलिंडरच्या कडेला उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने तापतं, आणि ज्वाळा पोचायच्या आतच एकदम पेट घेतं. हेच नॉकिंग. त्यातून दाबाची लाट उठते आणि सिलिंडरच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटत राहते. घंटेला जसा तिचा स्वतःचा सूर असतो तसा या लाटेलाही असतो, आणि तो मुख्यतः बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासावर, ठरतो. चार्ल्स ड्रेपर यांनी १९३० च्या दशकात याचं गणित मांडलं. पुढे अपोलो यानांचा दिशादर्शक संगणक ज्या प्रयोगशाळेत तयार झाला, ती याच ड्रेपरांची. कामापुरतं सूत्र सोपं आहे: १,८०० ला पायने आणि मिलिमीटरमधल्या बोअरने भागायचं, उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं. तुझ्या इंजिनाचा बोअर ७४ मिमी, म्हणजे साधारण ७.७ किलोहर्ट्झ. मारुती ८०० चा बोअर ६८.५ मिमी, तिथे ८.४ च्या आसपास. जळत्या वायूचं तापमान बदलतं तसा हा सूर थोडा वर-खाली सरकतो.

सर्किटच्या आधी सेन्सर बघ. भंगारातला सेन्सर दोन जातींचा असू शकतो. मधून आरपार भोक असलेला, बोल्टने आवळायचा चपटा सेन्सर मोठ्या पट्ट्यात सारखंच ऐकतो. दुसरा, स्वतःलाच आटे असलेला आणि बहुधा एकच वायर असलेला, बऱ्याचदा रेझोनंट असतो, म्हणजे मूळ इंजिनाच्या सुरालाच लावलेला. ९० मिमी बोअरच्या इंजिनाचा रेझोनंट सेन्सर तुझ्या ७४ च्या इंजिनावर लावलास तर तो चुकीच्या जागी कान देऊन बसेल. भोकवालाच घे. बॉशच्या त्या सेन्सरला एम८ बोल्ट लागतो आणि तो सुमारे २० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. ब्लॉकवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये, वरच्या बाजूला जागा शोध. तिथला रंग आणि गंज पूर्ण काढ, धातू धातूला सपाट टेकला पाहिजे. वॉशर नको. स्प्रिंग वॉशर तर नकोच नको.

हे एवढं ठासून सांगतो, कारण मी स्वतः त्यात एक इंजिन घालवलं आहे. गिऱ्हाईक घाईत होतं, ब्लॉकवरचा बोल्ट थोडा लांब निघाला, म्हणून मी खाली स्प्रिंग वॉशर टाकला. सगळं चालत होतं, आकडेही येत होते, फक्त जेवढे यायला हवेत त्याच्या निम्म्याहून कमी. मला वाटलं, इंजिन छान शांत आहे, आणि मी ॲडव्हान्स, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या किती अंश आधी स्पार्क पडतो ते, वाढवत गेलो. दोन आठवड्यांनी गाडी निळा धूर सोडत परत आली. उघडल्यावर तिसऱ्या पिस्टनची दुसऱ्या रिंगखालची कडा तुटलेली, तुकडा रिंगेतच अडकलेला, आणि पिस्टनच्या माथ्याला कडेने कोणी बारीक छिन्नीने टोचल्यासारखी खरवड. तो पिस्टन आजही माझ्या टेबलावर आहे. सेन्सर बसवताना मी तो आधी हातात घेतो.

आता फिल्टर. एलएम३५८ इथे टिकत नाही. त्याचा गेन-बँडविड्थ, म्हणजे गेन आणि वारंवारतेचा गुणाकार, १ मेगाहर्ट्झच्या आसपास. ७.७ किलोहर्ट्झला त्याच्यात जेमतेम १३० पट गेन उरतो, आणि धारदार बँडपासला त्याहून बराच जास्त लागतो. परिणाम असा की फिल्टरचा मध्य तुझ्या हिशेबापेक्षा खाली सरकतो आणि ते तुला कळतही नाही. ५ व्होल्टवर चालणारा, १० मेगाहर्ट्झचा एमसीपी६०२२ लाव. मल्टिपल फीडबॅक पद्धतीने, दोन्ही कपॅसिटर १ नॅनोफॅरड धरले, क्यू (फिल्टर किती धारदार ते) ४ आणि मधला गेन २ धरला, तर इनपुटचा रेझिस्टर ४१.२ किलोओहम, मधल्या बिंदूपासून अडीच व्होल्टच्या संदर्भाकडे जाणारा २.७४ किलोओहम आणि फीडबॅकचा १६५ किलोओहम येतो. या किमतींनी मध्य ७.७३ किलोहर्ट्झला पडतो. रेझिस्टर १ टक्क्याचेच घे. कपॅसिटर सी०जी किंवा पॉलिस्टर घे; नेहमीचा स्वस्त सिरॅमिक बॉनेटखालच्या उष्णतेत आपली किंमत बदलतो.

क्यू आणखी वाढवला तर नॉकिंग जास्त नेमकं सापडेल, असं तुझ्यासारख्या प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. पण फिल्टर जितका धारदार तितका तो वाजल्यावर जास्त वेळ घुमत राहतो. क्यू ४ असेल तर हे घुमणं साधारण ०.१६ मिलिसेकंदात एक-तृतीयांशावर येतं. क्यू २० केलास तर त्याला ०.८ मिलिसेकंद लागतात. ६,००० आरपीएमला क्रँक एक अंश फिरायला फक्त २८ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ०.८ मिलिसेकंदात क्रँक ३० अंश पुढे गेलेला असतो. आपण ज्या ठरावीक अंशांतच ऐकणार त्या खिडकीच्या बाहेर वाजलेला व्हॉल्व्ह मग घुमत घुमत खिडकीच्या आत येतो. शिवाय नॉकिंगचा सूर सरकतो, तोही अतिधारदार फिल्टरच्या हातून निसटतो. क्यू ३ ते ५ मध्येच राहा.

सेन्सरच्या बाजूला एक गोष्ट जप. सेन्सरमधला पायझो (धक्क्याने वीज देणारा तुकडा) म्हणजे जवळजवळ १ नॅनोफॅरडचा कपॅसिटरच, त्यामुळे इनपुटला किमान काही लाख ओहमची वाट दे, नाहीतर सिग्नल तिथेच बसतो. पिळलेली, जाळीची वायर वापर आणि जाळी फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ कर. दोन्ही टोकं अर्थ केलीस तर इग्निशनचा करंट त्या जाळीतून फिरतो, आणि तुला स्पार्क दिसतात, नॉक नाही. इनपुटला मालिकेत रेझिस्टर आणि दोन क्लॅम्प डायोड असू देत.

आता खिडकी. खरं काम इथे आहे, आणि तुझ्या सर्किटमध्ये नेमकं हेच नाही. नॉकिंग होतं ते पिस्टन वरच्या टोकाला पोचून गेल्यानंतर, साधारण १० ते ६० अंशांत. त्या ५० अंशांतच ऐकायचं, बाकी वेळ कान बंद. त्यासाठी टायमरची गणितं करत बसू नकोस, मेगाचे टायमर आधीच स्पीडुइनोने धरलेले आहेत. तुझ्या क्रँकवर ३६-१ चं, म्हणजे ३६ जागांपैकी एक दात गाळलेलं, चाक आहे असं तू लिहिलं आहेस. प्रत्येक दात १० अंशांचा. एक वेगळा आर्डुइनो नॅनो घे, क्रँकचा चौकोनी झालेला सिग्नल त्याला दे आणि नुसते दात मोजायला लाव. टीडीसीनंतर (पिस्टनच्या वरच्या टोकानंतर) एक दात गेला की खिडकी उघड, सहावा दात आला की बंद कर. वेग कितीही असो, कोन बरोबरच येणार. फक्त गाळलेला दात खिडकीत येत नाही ना, ते तपास. तो टीडीसीच्या ९० ते ११० अंश आधी असेल, तर आधीच्या सिलिंडरच्या हिशेबाने तो ७० ते ९० अंशांवर पडतो, म्हणजे वाचलास. कॅमचा सिग्नल असेल तर चारही सिलिंडर वेगळे ओळखता येतात. नसेल तर १-४ आणि २-३ अशा जोड्याच मिळतील, तेवढ्यावरही सुरुवात होते.

खिडकी केली तरी वरच्या आरपीएमला एक चोर आत शिरतो, आणि तो सापडायला मला कित्येक रात्री लागल्या. धर की कॉइल ३ मिलिसेकंद चार्ज होते आणि स्पार्क टीडीसीच्या २८ अंश आधी पडतो. ६,००० ला ३ मिलिसेकंद म्हणजे १०८ अंश. म्हणजे पुढच्या सिलिंडरच्या कॉइलचं चार्जिंग त्याच्या टीडीसीच्या १३६ अंश आधी सुरू होतं, तेच आधीच्या सिलिंडरच्या टीडीसीनंतर ४४ अंशांवर. बरोबर खिडकीच्या मध्यावर! करंट सुरू होतानाचा तो झटका वायरिंगमधून सेन्सरच्या वायरीत घुसतो आणि नॉकिंगसारखा दिसतो. ४,५०० ला हाच क्षण ७१ अंशांवर असतो, खिडकीच्या बाहेर. म्हणून प्रकरण एका ठरावीक आरपीएमनंतरच सुरू होतं आणि माणूस इंजिनाला दोष देत बसतो. ओळखायची युक्ती अशी: स्कोपच्या एका चॅनेलवर फिल्टरचं आउटपुट, दुसऱ्यावर कॉइलचा सिग्नल लाव. टोक जर दर वेळी कॉइलच्या कडेला चिकटून येत असेल, तर ते नॉकिंग नाही. सेन्सरची वायर कॉइलच्या वायरपासून लांब ने, जमलं तर खिडकी ५० वरच तोड. इंजेक्टर बंद होण्याची टिक अशीच फिरते. इंजेक्शनचा कोन थोडा सरकवला की ती बाहेर जाते.

खिडकी उघडी असताना फिल्टरचं आउटपुट रेक्टिफाय करून इंटिग्रेटरमध्ये साठव, बंद झाल्यावर नॅनोने एकदाच वाचायचं, मग ४०६६ स्विचने कपॅसिटर रिकामा करायचा. इंटिग्रेटरला १०० किलोओहम आणि १० नॅनोफॅरड, म्हणजे १ मिलिसेकंद, इथून सुरू कर. ५ व्होल्टच्या एकाच सप्लायवर सगळं अडीच व्होल्टच्या मध्याभोवती फिरतं, म्हणून इंटिग्रेटरला जागाही अडीच व्होल्टचीच आहे. शांत इंजिनाला तो १ व्होल्टच्या आत राहील असा गेन ठेव. कच्चा सिग्नल थेट मेगाच्या एडीसीला (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाला) का देऊ नये, असंही तू विचारलं आहेस. आर्डुइनोच्या नेहमीच्या सेटिंगला त्याला एका वाचनाला सुमारे १०४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला ९,६०० नमुने. ७.७ किलोहर्ट्झ ओळखायला १५,४०० च्या वर हवेत. टीन्सी किंवा एसटीएम३२ असा वेगवान मायक्रोकंट्रोलर असता तर कच्चा सिग्नल घेऊन सगळं सॉफ्टवेअरमध्येच केलं असतं, आणि मी तेच सुचवलं असतं.

तयार चिपबद्दल: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीआयसी८१०१ हे सगळं एका वीस पिनांच्या तुकड्यात करते. एसपीआयवरून मध्य १.२२ ते १९.९८ किलोहर्ट्झमध्ये ६४ पायऱ्यांत निवडता येतो, गेन आणि इंटिग्रेटरचा काळही बदलता येतो, दोन सेन्सर लागतात, आणि खिडकीसाठी एक वेगळी पिन आहे. पण ती पिन कधी वर आणि कधी खाली करायची, हे तुलाच सांगावं लागतं, आणि आलेल्या आकड्याचा अर्थही तुलाच लावावा लागतो. माझं मत विचारशील तर प्रोजेक्टसाठी आधी हाताने कर, कारण प्रत्येक टप्प्यावर स्कोप लावून बघता येतं. गाडीत कायम ठेवायचं असेल तेव्हा चिपवर जा.

आता कंपॅरेटर आणि प्रीसेट काढून टाक. नॅनोकडून प्रत्येक स्फोटाचा आरपीएम, सिलिंडर आणि आकडा लॅपटॉपवर नोंदव. ६,००० ला सेकंदाला २०० ओळी होतात, सीरियल पोर्टला त्या सहज झेपतात. पहिले काही दिवस टायमिंगला हातही लावू नकोस. उलट ॲडव्हान्स ४-५ अंश कमी कर, म्हणजे नॉकिंग होणारच नाही, आणि इंजिन सगळ्या आरपीएममध्ये फिरवून त्याचा नेहमीचा आवाज नोंदवून घे. दर ५०० आरपीएमला एक कप्पा, प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. तिसऱ्याचा आकडा पहिल्यापेक्षा बराच मोठा येईल, कारण सेन्सर त्याच्या जवळ आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढे चालू गाडीत प्रत्येक कप्प्याची सरासरी हळूहळू सुधारत ठेव: नवा आकडा आणि जुनी सरासरी यांच्या फरकाचा सोळावा भाग सरासरीत मिळवायचा. पण नॉक ठरलेला आकडा सरासरीत कधीही घेऊ नकोस, नाहीतर सततचं नॉकिंग हाच नेहमीचा आवाज आहे असं सर्किट शिकेल. आकडा सरासरीच्या दुप्पट झाला की नॉक, इथून सुरुवात कर. एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर आवाज वाढतो, तेवढ्यापुरती पट वाढव.

दुप्पट बरोबर की अडीचपट, हे कानच ठरवतो. सेन्सरचा फिल्टर झालेला सिग्नल छोट्या ॲम्प्लिफायरमधून हेडफोनला दे. नॉकिंग तापल्या तव्यावर मोहरी तडतडावी तसं ऐकू येतं, आणि एकदा ऐकलं की विसरत नाही. सोलापूर सपाट आहे, इथे इंजिनावर लांब लोड मिळत नाही. म्हणून मी पहाटे तुळजापूरच्या घाटात जातो, वाहतूक नसताना, गाडी चालवणारा वेगळा आणि लॅपटॉप-हेडफोनवर मी. २,००० ते २,५०० मध्येच, एकेक अंश ॲडव्हान्स वाढवत, पहिली तडतड ऐकू येईपर्यंत. ऐकू आली की पाय लगेच वर. ४,००० च्या वर मुद्दाम नॉकिंग आणून बघायचं नाही, तिथे एक-दोन सेकंदही पिस्टनला महाग पडतात. तिथली पट खालच्या अनुभवावरून आणि सावधपणे लाव.

एक आपल्या गावाचं सांगतो. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत थंड हवेत लावलेलं टायमिंग मे महिन्यात चालत नाही. बाहेर ४२-४३ अंश, त्यात सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेली गाडी, आत जाणारी हवा आणखी तापलेली. मग सिग्नल सुटल्यावर दुसऱ्या गिअरमध्येच तडतड सुरू होते. म्हणून आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर एअर फिल्टरजवळच्या पाइपात बसव आणि तापमानानुसार ॲडव्हान्स कमी करणारा तक्ता आधी भर. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं की नॉकिंगचा धोका कमी होतो, कारण त्याचा ऑक्टेन जास्त आणि बाष्प होताना ते हवा थंड करतं. पण पंपावर नक्की काय मिळेल यावर टायमिंग बेतू नकोस.

आकड्यांवर विश्वास बसला की मगच टायमिंगचा ताबा दे. नॉक आला की एकदम ३ अंश मागे, मग ३०-४० फेऱ्या थांबून अर्धा-अर्धा अंश परत, आणि एकूण ८ अंशांच्या पुढे मागे नेऊ नकोस. त्याच कप्प्यात पुन्हा पुन्हा मागे येत असेल तर मूळ तक्ताच चुकलेला आहे, तो दुरुस्त कर. आणि स्पार्कच्या आधीच गरम प्लगमुळे किंवा कार्बनमुळे मिश्रण पेटत असेल, तर टायमिंग मागे नेऊन काही फरक पडत नाही. तसं दिसलं तर गाडी बंद करून आधी प्लग काढून बघ.

सेन्सर नीट बसवून, दाताच्या खिडकीने पहिल्या तासाभराची नोंद घे आणि तो लॉग मला पाठव. २,००० च्या कप्प्यातले चारही सिलिंडरचे आकडे आणि ५,५०० ते ६,००० च्या कप्प्यातले, एवढे आधी बघू. कॉइल खिडकीत येते आहे की नाही, ते त्यातच कळेल.